गेमचे पैसे मोजले, मालकी कोणाची?

दिवाळीच्या तोंडावर नागपुरात बर्डीवर किंवा धरमपेठेत प्लेस्टेशन ५ घ्यायला गेलेल्या कुटुंबापुढे दोन पर्याय असतात. दोन्ही यंत्रांची ताकद सारखी, चित्र सारखं, गेमही तेच. एकाला डिस्क घालायची खाच असते, दुसऱ्याला नसते. भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी हा कन्सोल आला तेव्हा खाच असलेल्याची किंमत ४९,९९० रुपये आणि नसलेल्याची ३९,९९० रुपये जाहीर झाली होती. हजारो रुपये वाचतात म्हटल्यावर आईवडिलांचा कल साहजिकच स्वस्त यंत्राकडे जातो. पण पुढची पाच-सात वर्षं गेम कुठून घ्यायचे, काय भावाने घ्यायचे, खेळून झाल्यावर विकता येतील का, आतेभावाला चार दिवस देता येतील का, हे सगळं त्या एका खाचेवर ठरून जातं.

डिस्क बरी की डाउनलोड, याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. घरातलं इंटरनेट कसं आहे, गेमवर वर्षाला किती खर्च करायचा आहे, मुलगा एकच गेम वर्षभर खेळतो की महिन्याला नवा मागतो, यावर ते बदलतं. मात्र बहुतेक घरांत निर्णय किंमत आणि सोय एवढ्यावरच होतो आणि तिसरी बाजू पाहायची राहून जाते. पैसे देऊन आपण वस्तू घेतो आहोत की ती वापरायची परवानगी? सगळ्यात दूरवर परिणाम याच बाजूचा होतो, आणि ती नीट समजण्यासाठी आधी तंत्र आणि पैशाचा हिशेब पाहावा लागतो.

कॅसेटचे दिवस

नव्वदच्या दशकात ज्याला आपण टीव्ही गेम म्हणायचो, तो बहुतेक वेळा निन्टेंडोच्या फॅमिली कॉम्प्युटर या १९८३ च्या जपानी यंत्राची नक्कल असायचा. त्याला गेमची कॅसेट लागायची. दिसायला प्लास्टिकची जाड डबी, आत गेमचा प्रोग्रॅम कायमचा कोरलेली चिप. कॅसेट खाचेत दाबली, बटण सरकवलं की गेम सुरू. ना नोंदणी, ना पासवर्ड, ना इंटरनेट. शॉ वॉलेस कंपनीने १९९५ च्या सुमारास सेगाची यंत्रं भारतात अधिकृतपणे आणली, तीही अशाच कॅसेटवर चालायची.

नागपुरात एप्रिल-मेमध्ये दुपारी पोरांना उन्हात सोडत नाहीत. कूलर लावलेल्या खोलीत टीव्ही गेम हा सुट्टीचा मोठा आधार होता, आणि कॅसेटची देवाणघेवाण हा त्याचा अर्धा आनंद. एका घरी मारिओ, दुसऱ्या घरी कॉन्ट्रा, आठवड्याने अदलाबदल. यंत्रच दिवसाच्या भाड्याने आणायचीही पद्धत होती. एकाने घेतलेली कॅसेट दहा घरांत फिरायची आणि त्यासाठी कुणाला विचारावं लागत नसे, कारण गेम त्या डबीतच होता आणि डबी ज्याच्या हातात, गेम त्याचा.

मग संगणकाच्या सीडी आल्या, त्यामागून प्लेस्टेशन २ च्या डीव्हीडी. डिस्कची नक्कल करणं कॅसेटपेक्षा फारच सोपं होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून गावोगावच्या बाजारांपर्यंत नकली डिस्क पन्नास-शंभर रुपयांत मिळू लागल्या आणि त्या चालाव्यात म्हणून कन्सोलला ‘चिप बसवून’ द्यायचा धंदाच उभा राहिला. सोनीने २००९ मध्ये भारतीय ग्राहकासाठी ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणि कबड्डी-पतंगासारखे खेळ असलेला ‘देसी अड्डा’ हे हैदराबादेत तयार झालेले गेम प्लेस्टेशन २ वर आणले. पण तोवर नकली डिस्कची सवय खोल गेली होती. कंपन्या नंतर गेमला कुलपं लावत गेल्या, त्यामागे अशा नकलांची भीती हे एक मोठं कारण होतं. आज प्रामाणिक ग्राहकाला ज्या बंधनांचा त्रास होतो, त्यांतली बरीचशी त्या काळात घडली.

डिस्कवर आता काय असतं?

डब्यातल्या डिस्कवर पूर्ण गेम असतो, ही समजूत आता अर्धीच खरी आहे. क्षमतेचा विचार केला तर प्लेस्टेशन १ च्या सीडीवर जेमतेम ६५० ते ७०० एमबी मावत. एका थराची डीव्हीडी ४.७ जीबीची, दोन थरांची ८.५ जीबीची. प्लेस्टेशन ४ च्या दोन थरांच्या ब्लू-रेवर ५० जीबी, आणि प्लेस्टेशन ५ च्या डिस्कवर १०० जीबीपर्यंत मजकूर बसतो. गेमही तितकेच फुगले आहेत.

पण डिस्कवरून माहिती वाचण्याचा वेग आजच्या गेमला पुरत नाही. म्हणून प्लेस्टेशन ४ पासून गेम आधी कन्सोलच्या साठवणीत उतरवला जातो आणि तिथूनच चालतो. त्यानंतर डिस्कचं काम मुख्यतः किल्लीचं. गेम सुरू करताना ती खाचेत आहे ना, एवढं यंत्र तपासतं. म्हणजे डिस्क घेतली म्हणून जागा वाचत नाही. डाउनलोड आणि डिस्क दोन्ही साठवणीत जवळपास सारखीच जागा खातात.

त्यात भर दुरुस्त्यांची. डिस्क छापायला जाते तेव्हा गेमवरचं काम अनेकदा संपलेलं नसतं. राहिलेल्या चुका विक्रीच्या पहिल्याच दिवशी येणाऱ्या अपडेटमधून सुधारल्या जातात, आणि हे अपडेट काही वेळा कित्येक जीबींचं असतं. काही डब्यांत तर डिस्कच नसते, नुसता कोड छापलेला कागद असतो. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ साठी ‘गेम-की कार्ड’ नावाचा प्रकार आहे. त्या कार्डात गेम नाही, फक्त किल्ली आहे. गेम इंटरनेटवरून उतरवावाच लागतो. डब्यावर तशी सूचना छापलेली असते, ती वाचायला हवी.

संगणकावर हा बदल फार आधी झाला. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेला ‘हाफ-लाइफ २’ डब्यात घेतला तरी स्टीम या ऑनलाइन सेवेवर खातं उघडून नोंदवावा लागे. एकदा खात्याला जोडला की ती डिस्क दुसऱ्याला देऊन उपयोग नव्हता. पुढे लॅपटॉपमधून डीव्हीडी ड्राइव्हच गेला आणि संगणकाच्या गेमचे डबे दुकानांतून जवळपास दिसेनासे झाले. त्यामुळे डिस्क की डाउनलोड हा प्रश्न आज खऱ्या अर्थाने कन्सोलवाल्यांपुढेच उरला आहे. मोबाइलवर तर तो कधी नव्हताच.

विदर्भातलं डाउनलोडचं गणित

१०० जीबीचा गेम उतरवायला किती वेळ लागेल? २०१० च्या आसपास अनेक घरांत असलेल्या ५१२ केबीपीएसच्या जोडणीवर अखंड १८ दिवस लागले असते. तेव्हा डिस्कला पर्यायच नव्हता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि मग शहरांत फायबर पसरलं. आज नागपुरात १०० एमबीपीएसची जोडणी असलेल्या घरात तोच गेम सव्वादोन तासांत उतरतो. ४० एमबीपीएस असेल तर साडेपाच तास, म्हणजे रात्री लावून सकाळी तयार.

पण हे फायबर असलेल्या घरापुरतं झालं. शिकायला चंद्रपूर, यवतमाळ, गडचिरोलीहून नागपुरात आलेली मुलं बहुधा मोबाइलच्या डेटावर असतात. दिवसाला २ जीबीचा पॅक असेल आणि दुसरं काहीही पाहिलं नाही, तरी १०० जीबीला ५० दिवस लागतील. दुर्गम भागात नेटवर्कचाच भरवसा नसतो. अशा ठिकाणी नागपूरहून बॅगेत टाकून नेलेली डिस्क अजूनही उपयोगी आहे, फक्त तो गेम अपडेटशिवाय आणि इंटरनेटशिवाय चालतो याची आधी खात्री करून घ्यायला हवी. एकट्याने खेळायचे कथाप्रधान गेम बऱ्याचदा असे चालतात. ऑनलाइन सामन्यांचे गेम चालत नाहीत.

डिस्कला जपावंही लागतं. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, म्हणून तिच्यावर टणक लेप देतात आणि ती डीव्हीडीपेक्षा कमी ओरखडते. मात्र पॉलिकार्बोनेटची चकती उष्णतेने वाकू शकते. पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात बंद गाडीत डिस्क विसरणं महागात पडेल. कूलरच्या दमट झोतात डबे उघडे ठेवणंही बरं नाही. डाउनलोडला हा धोका नाही; साठवण बिघडली तरी खातं शाबूत असेपर्यंत गेम पुन्हा उतरवता येतो.

रुपयांचा हिशेब

प्लेस्टेशन ५ च्या अनेक मोठ्या गेमची छापील किंमत ४,९९९ रुपये असते आणि डाउनलोडचीही तितकीच. कारखाना, डबा, वाहतूक, दुकानदाराचं कमिशन, हे सगळं वाचूनही डाउनलोड आपोआप स्वस्त होत नाही. कन्सोलवर डाउनलोडचं दुकान एकच, कंपनीचं स्वतःचं. तिथे भावात स्पर्धा नाही. डिस्क मात्र चार दुकानांत विचारता येते, ऑनलाइन बाजारांत भाव पडण्याची वाट पाहता येते.

आणि डिस्कला दुसरं आयुष्य असतं. समजा ४,९९९ ला घेतलेली डिस्क महिनाभरात खेळून २,५०० ला विकली, तर गेम अडीच हजारांना पडला. जुनी डिस्क देऊन नवीवर सूट घेणं, ओएलएक्सवर विकणं, कॉलेजच्या मित्राबरोबर बदलणं, या सगळ्यातून एका डिस्कचे पैसे तीन-चार जणांत वाटले जातात. मर्यादित पैशात खेळणाऱ्या मुलासाठी हा आधार मोठा आहे. आपल्याकडे कन्सोल गेमिंग मध्यमवर्गात रुजलं, त्यात या देवाणघेवाणीचा वाटा आहे असं मला ठामपणे वाटतं. खाच नसलेल्या यंत्राचे वाचलेले पैसे जुन्या डिस्कच्या चार-पाच व्यवहारांत भरून निघू शकतात.

संगणकावर हिशेब उलटा पडतो. नोव्हेंबर २०१५ पासून स्टीमवर किमती रुपयांत दिसतात. सणासुदीच्या सेलमध्ये जुने गेम पाव किमतीपर्यंत उतरतात. एपिक गेम्सचं दुकान डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालं तेव्हापासून वेळोवेळी गेम फुकट देत आलं आहे. शिवाय स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. सील फोडलेली डिस्क परत घेणारा दुकानदार विरळाच. संगणकावर खेळणाऱ्याला डाउनलोड स्वस्तही आहे आणि बहुधा तोच एक मार्ग आहे.

परदेशात नातेवाईक असलेल्यांसाठी एक सूचना. प्लेस्टेशन २ पर्यंत गेमच्या डिस्क प्रदेशाप्रमाणे बांधलेल्या असत. प्लेस्टेशन ३ पासून बहुतेक गेम डिस्क कुठल्याही देशातल्या यंत्रावर चालतात, त्यामुळे अमेरिकेतल्या मावशीने आणलेली डिस्क नागपुरात चालेल. पण त्या गेमचे जादा भाग भारतीय खात्यावरून विकत घेतले तर ते अमेरिकी डिस्कशी जुळतीलच असं नाही. शिवाय प्लेस्टेशनच्या खात्याचा देश नंतर बदलता येत नाही. खातं उघडतानाच देश विचारपूर्वक निवडावा.

वस्तू की परवानगी?

डाउनलोडच्या दुकानात पैसे भरताना ज्या लांबलचक अटींना आपण न वाचता होकार देतो, त्यांत बहुतेक ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली असते: तुम्हाला गेम विकलेला नाही, वापरायचा परवाना दिला आहे. हा परवाना तुमच्या खात्यापुरता असतो, दुसऱ्याला देता येत नाही, आणि अटी मोडल्या तर काढूनही घेता येतो. स्टीमचं खातं तर मृत्युपत्रानेही पुढच्या पिढीकडे सोपवता येत नाही, अशी त्या कंपनीची भूमिका आहे.

पुस्तकांच्या बाबतीत आपला कायदा ग्राहकाच्या बाजूने उभा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पुस्तकाची प्रत एकदा रीतसर बाजारात आली की ती पुढे विकायला लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. जुन्या पुस्तकांचा सगळा बाजार त्यावर उभा आहे. संगणक प्रोग्रॅमसाठी त्याच कायद्यात वेगळं कलम आहे आणि गेम त्यात येतो. १९९४ च्या दुरुस्तीने प्रोग्रॅमची प्रत विकण्याचा हक्क, ती आधी विकली गेलेली असो वा नसो, कॉपीराइटच्या मालकाकडे ठेवला होता. १९९९ च्या दुरुस्तीने ‘आधी विकलेली असो वा नसो’ या अर्थाचे शब्द काढून टाकले. व्यापारी तत्त्वावर भाड्याने देण्याचा हक्क मात्र मालकाकडेच आहे, म्हणून डिस्क भाड्याने देण्याचा धंदा करायचा तर हक्कदाराची परवानगी घ्यायला हवी.

जगभरात हा वाद न्यायालयांत गेला आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये, ओरॅकल कंपनीच्या खटल्यात, डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरचा कायमचा परवाना ग्राहक पुढे विकू शकतो असा निकाल दिला. त्या आधारावर फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेने स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला कोर्टात खेचलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने संघटनेच्या बाजूने कौल दिला, पण ऑक्टोबर २०२२ मध्ये अपिलात तो फिरला. म्हणजे तिथेही डाउनलोड केलेला गेम पुढे विकण्याचा हक्क ग्राहकाला मिळालेला नाही.

कॅलिफोर्नियाने दुसरा रस्ता धरला. सप्टेंबर २०२४ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या तिथल्या कायद्याने, काढून घेता येण्याजोगा परवाना देणाऱ्या दुकानांनी तसं ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ असं बटण दाखवायला मनाई केली. स्टीमने त्याआधीच पैसे भरण्याच्या पानावर ही सूचना टाकली. ग्राहकाला नवा हक्क यातून मिळाला नाही, पण निदान अंधारात राहणं थांबलं.

दुकान बंद झालं तर

परवाना देणारा मागे हटतो तेव्हा त्या परवान्याची खरी परीक्षा होते. निन्टेंडोने २७ मार्च २०२३ रोजी वी यू आणि थ्रीडीएस या यंत्रांचं ऑनलाइन दुकान नव्या खरेदीसाठी बंद केलं. एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झालं. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवायची सोय राहिली, पण फक्त तिथेच मिळणारे गेम नव्या खेळाडूसाठी त्या यंत्रावर संपले. सोनीने मार्च २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि व्हिटा या यंत्रांची दुकानं बंद करायची घोषणा केली होती. ग्राहकांच्या नाराजीनंतर पुढच्याच महिन्यात ती मागे घेतली. लोकांनी आवाज उठवला तर कंपन्या ऐकतात, हे त्यातून दिसलं.

डिस्कवाल्यांनाही धडा मिळाला. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटार शर्यतीचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला, डब्यातही विकला गेला. एकट्याने खेळायलाही त्याला कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी लागायची. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि त्या डिस्क निरुपयोगी झाल्या. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. सेवा बंद करताना गेम चालू राहील अशी काही व्यवस्था कंपनीने ठेवावी, ही तिची मागणी. युरोपीय संघाकडे द्यायच्या तिच्या अर्जावर जुलै २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

आपल्याकडच्या मुलांनी हा अनुभव वेगळ्या कारणाने घेतला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरपासून भारतात तो पूर्ण थांबला. गेममधले कपडे आणि बंदुकांच्या रंगसंगती घ्यायला घातलेले पैसे लोकांच्या हातून गेल्यासारखेच वाटत होते. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय नावाने नवा गेम आला आणि काही काळ जुनी माहिती त्यात आणायची सोय मिळाली. जुलै २०२२ मध्ये तोही दुकानांतून हटला आणि मे २०२३ मध्ये परतला. बंदीची कारणं राष्ट्रीय सुरक्षेची होती, त्यांवर हा लेख नाही. पण जे फक्त दुसऱ्याच्या सर्व्हरवर आहे ते आपल्या हातात नाही, हे त्या तीन वर्षांत एका पिढीला पुरतं कळलं.

डाउनलोडने उघडलेलं दार

असं असलं तरी डाउनलोडला खलनायक ठरवणं मोठा अन्याय होईल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा गेम डाउनलोडमुळे काय शक्य झालं याचं उत्तम उदाहरण आहे. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली राजी ही मुलगी त्याची नायिका. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात, आणि चित्रांवर पहाडी शैलीची छाप आहे. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला, तरी चमूने काम सोडलं नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी गेम आधी निन्टेंडो स्विचवर आला, म्हणजे भारतात अधिकृतपणे विकतही मिळत नसलेल्या यंत्रावर. ऑक्टोबरमध्ये तो संगणक, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर पोचला. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकन मिळालं.

डिस्कच्या काळात हे घडणं जवळपास अशक्य होतं. हजारो प्रती आधी छापून घ्यायच्या, देशोदेशीचे वितरक गाठायचे, दुकानांच्या फळीवर जागा मिळवायची आणि न खपलेला माल परत आला तर नुकसान सोसायचं, एवढा खर्च छोट्या चमूला झेपत नाही. डाउनलोडमुळे पुण्यातला गेम त्याच दिवशी जपान आणि ब्राझीलमध्ये विकता येतो. उद्या नागपुरातली चार मुलं गेम बनवतील तर तोही याच दारातून बाहेर पडेल.

पण जगाला मिळालेला हा गेम तीस वर्षांनी कुठे सापडेल? १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. नागपुरात छापलेला छोटा कवितासंग्रहही त्या जाळ्यात येतो. गेमसाठी आपल्याकडे अशी सक्ती नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, तिथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत असं दिसलं. त्यातले अनेक आज खेळता येतात ते कुणाच्या तरी कपाटात राहिलेल्या कॅसेट आणि डिस्कमुळे. फक्त डाउनलोडवर असलेल्या गेमला तेवढाही आधार नाही.

पैसे भरण्याआधी

यातून ग्राहकाने काय करावं? कन्सोल घेताना शक्य असेल तर खाच असलेला घ्यावा. तो डिस्क आणि डाउनलोड दोन्ही चालवतो. प्लेस्टेशन ५ च्या २०२३ नंतरच्या सडपातळ रूपाला ड्राइव्ह मागाहूनही जोडता येतो, पण तो वेगळा मिळतो का आणि कितीला, हे दुकानात आधीच विचारावं. पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं हेही लक्षात ठेवावं.

एकदा खेळून संपणारा, कथेचा महागडा गेम डिस्कवर घ्यावा म्हणजे पुढे विकता येईल. वर्षानुवर्षं रोज खेळायचा गेम डाउनलोड करावा. दर वेळी डिस्क बदलायची कटकट नाही. डबा घेताना आत डिस्क आहे की कोड, आणि इंटरनेटशिवाय चालेल का, हे पाहावं. संगणकावर जुने गेम घ्यायचे तर पोलंडच्या जीओजीसारखं दुकान चांगलं. ते कुलूप नसलेली फाइल देतं आणि ती आपल्या हार्ड डिस्कवर जपून ठेवता येते.

मुलाचं खातं पालकांच्या ईमेल आणि फोनला जोडलेलं असावं, कारण हजारो रुपयांचे गेम आता त्या एका पासवर्डमागे आहेत. व्यवहारात फसवणूक झाली तर २०२० चे ई-कॉमर्स नियम डिजिटल उत्पादनांनाही लागू आहेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे जायची मुभा दिली आहे. कंपनीचं कार्यालय मुंबईत वा बंगळुरूत असलं, तरी नागपूरच्या ग्राहकाला तक्रारीसाठी नागपूर सोडावं लागत नाही.

एवढं झालं तरी एक काम ग्राहकाच्या एकट्याच्या हातातलं नाही. आपण परवाना घेतो आहोत की प्रत, सर्व्हर बंद झाले तर गेम चालेल का, हे किमतीच्या शेजारी ठळक अक्षरांत सांगायची सक्ती भारतातही व्हायला हवी. औषधाच्या पाकिटावर मुदत छापायला कायदा लावतो, तर पाच हजारांच्या गेमवर त्याची मुदत कोणाच्या मर्जीवर आहे हे छापायला हरकत काय? डाउनलोड राहणार आहे, वाढणार आहे, आणि त्याने खूप चांगलंही केलं आहे. ग्राहकाला फक्त हे हवं आहे की पैसे मोजण्यापूर्वी सौद्याच्या सगळ्या अटी समजाव्यात. ग्राहक संघटनांनी, गेम बनवणाऱ्यांनी आणि खेळणाऱ्यांनी मिळून ही मागणी लावून धरली, तर ती मान्य होण्याजोगी आहे.